सर्व्हिसिंगचं पंचांग

मुंबई-गोवा महामार्गावरून हमरापूर फाट्याला आत वळलं की तांबडशेत, जोहे, कळवे या गावांत घरागणिक गणपतीचा कारखाना. मूर्ती इथे घडते, पण तिचे पैसे होतात मुंबई-पुण्याच्या बाजारात पोहोचल्यावर. मधला प्रवास छोटा हत्ती, पिकअप नाहीतर घरची इको करते. पेंढ्यात आणि गोणपाटात नीट बसवलेला माल घेऊन निघालेली गाडी खारपाड्याच्या अलीकडे बंद पडली, तर भाडं बुडतंच. शिवाय भर पावसात दुसऱ्या गाडीत मूर्ती चढवताना सोंडा, कान, बोटं दुखावतात ते वेगळंच. श्रावणात तुटका कान लावत बसायला कारखानदाराला सवड नसते.

म्हणजे जोह्यात गाडीची देखभाल हा हौसेचा नाही, धंद्याचा मामला आहे. तरीही ती होते मीटर बघून. काचेवर चिकटवलेल्या स्टिकरवरचा आकडा येईपर्यंत बॉनेट उघडायचं नाही, असा रिवाज. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना ऑईल बदलीची मुदत असते १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांतलं जे आधी येईल ते. ‘किंवा’च्या पुढचं सोयीने विसरलं जातं. गाडी वर्षात सहा हजारच फिरली ना, मग कशाला खर्च, असा हिशेब होतो.

त्याच मॅन्युअलमध्ये आणखी एक तक्ता असतो, तो तर कुणाच्या नजरेलाच पडत नाही. धुळीचे रस्ते, थांबत-थांबत चालणं, जवळच्या जवळ फेऱ्या, जादा ओझं असा खडतर वापर असलेल्या गाड्यांसाठी तो असतो. त्यात ऑईल, एअर फिल्टर यांच्या मुदती बऱ्याच कमी, काही गाड्यांना थेट निम्म्या केलेल्या असतात. पेण-रोहा भागातली कुठली गाडी या तक्त्यात बसत नाही, ते कुणी शोधून दाखवावं. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर किती मुदती जाहीर झाल्या, याची मोजदाद कोकणी माणसाने कधीच सोडली. वडखळ-डोलवीकडे अवजड ट्रकची रीघ, त्यांच्या मागे धुरळा. जोह्यात तर कारखान्याच्या दारात उभ्या गाडीवर घासकामाची पांढरी भुकटी बसते. पीठ चाळावं इतकी ती बारीक. एअर फिल्टरच्या घड्या तिने भरल्या की इंजिनाचा श्वास कोंडतो, गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतं आणि मालक पंपवाल्याला शिव्या देतो. फिल्टर दर सर्व्हिसला झटकायचा आणि ४०,००० किलोमीटरला बदलायचा, हा नियम चांगल्या रस्त्याच्या गावचा. इथे दर दोन-तीन महिन्यांनी झाकणाच्या क्लिपा उघडून बघावं. दोन मिनिटांचं काम आहे, पान्याचीही फारशी गरज नाही.

खड्ड्यांचा मार कुठे बसतो, हे पेणच्या कुठल्याही मेकॅनिकला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप. नशीब फारच फुटकं असेल तर चेंबर. पण यांच्या शेजारी एक बिनआवाजाची वस्तू असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. पुढच्या चाकाला इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या ॲक्सलच्या सांध्यावर रबराचं घड्याघड्यांचं टोपण असतं, त्याला गॅरेजात ‘बूट’ म्हणतात. आत ग्रीस भरलेलं. खडीच्या माराने किंवा वयोमानाने हा बूट एखाद्या घडीत चिरतो. चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि रिमच्या आतल्या अंगाला काळे ओघळ दिसू लागतात. पहिल्या पावसात तिथून पाणी आणि वाळू आत शिरते. मग काही आठवड्यांनी गाडी पूर्ण वळवली की ‘टक-टक-टक’ सुरू होतं. ओघळ दिसले तेव्हाच बूट बदलला असता तर काम शेकड्यांत भागलं असतं. टक-टक ऐकू आली म्हणजे सांधा खाल्ला गेला, आणि बिल हजारांत गेलं. यात किलोमीटरचा काही संबंध नाही. चाकाआड वाकून बघण्याचा आहे.

या स्तंभाचं म्हणणं एवढंच की इथल्या गाडीची देखभाल मीटरवर सोडू नये, ती पंचांगावर बांधावी. पेण तालुक्याचं वर्ष तसंही तारखांवर चालत नाही. मृग, नारळी पौर्णिमा, गणपती, दसरा यांवर चालतं. गाडीचे शत्रूही त्याच क्रमाने येतात.

मृगाआधीची वेळ सगळ्यात महत्त्वाची. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तो यायच्या आधी वायपरचं रबर आणि टायरचे खाचे बघितले पाहिजेत. कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी हवी, असा कायदा आहे. ती मोजायला पट्टी लागत नाही. टायरच्या खाच्यात तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारा झालेला असू शकतो. त्याच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी फिरणाऱ्या गाड्यांत नेमकी हीच फसगत होते, आणि स्टेपनीबाबत तर हमखास. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यावर अपघात वाढले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. सिमेंटच्या रस्त्यावर जी अक्कल सुचली ती खड्ड्यांच्या रस्त्यावरही सुचायला हरकत नाही.

ब्रेक ऑईलबद्दल मात्र गॅरेजवालेही हलगर्जी दिसतात. बाटलीतली पातळी बरोबर आहे ना, मग झालं! पण हे तेल हवेतली ओल शोषून घेतं, आणि खारेपाटात ओलीला तोटा नाही. नवं ‘डॉट ३’ प्रतीचं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तोच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. सपाटीवर काही कळत नाही. भरल्या गाडीने ताम्हिणी उतरताना ब्रेक तापतात, तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, ब्रेक दाबत नाही. पेडल खाली जातं, गाडी पुढे. म्हणून दर २ वर्षांनी हे तेल पूर्ण काढून नवं भरायचं असतं, मीटर काहीही म्हणो.

पावसाळ्यापूर्वीचं आणखी एक काम गॅरेजच्या यादीत क्वचितच असतं. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी, निचऱ्याची वाट असते. तिथे पालापाचोळा आणि माती साचली की पाणी दारातच मुरतं किंवा केबिनमध्ये उतरतं. कुबट वास येतो तो तिथून. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत असा ओला पत्रा आतून कुजत राहतो आणि बाहेरून रंगाला फुगा आला की मगच मालकाला कळतं. झाडूचा हीर घालून ती भोकं मोकळी करावीत. एवढ्याने दोन-चार वर्षांचा गंज लांबतो.

उंदीर हा भातशेतीच्या मुलुखातला वेगळाच अध्याय. पावसात बिळं भरली की ते कोरड्या जागी येतात, आणि उभ्या गाडीच्या इंजिनाइतकी कोरडी, ऊबदार जागा दुसरी नाही. तंबाखू, डांबराच्या गोळ्या, फवारे असे उपाय प्रत्येकाकडे आहेत, खात्री कशाचीच नाही. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या किंवा कुरतडलेला कापूस दिसतो का ते बघणं, हा त्यातल्या त्यात खरा उपाय.

आता सीएनजीच्या गाड्या सगळीकडे झाल्या. त्यांच्या टाकीची दर ३ वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. पुढच्या तपासणीची तारीख भरण्याच्या नळीपाशी लावलेल्या पट्टीवर असते. आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून २०२३ पूर्वीच्या गाड्यांचे रबरी पाईप आणि सील दर सर्व्हिसला बघायला सांगणं शहाणपणाचं. इंधनाच्या राजकारणावर बोलायची जागा ही नव्हे.

वाहनांच्या देखभालीचा धडा घ्यायला पेणकरांना लांब जावं लागत नाही. रामवाडीला एसटीच्या रायगड विभागाचं ठाणं आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेला लोक हवी तेवढी नावं ठेवतात, आणि तिच्या गाड्या वाटेत बंदही पडतात. पण पद्धत बरोबर आहे. गाडीने कुरकूर करेपर्यंत थांबायचं नाही. मुक्कामी आलेली गाडी बघायची, ड्रायव्हरची तक्रार लिहून घ्यायची, ठरल्या वेळी गाडी कार्यशाळेत न्यायची. खासगी मालकाकडे निम्मं जरी आलं तरी पुष्कळ. आणि त्याची तक्रारवही म्हणजे कानच असतात, टेप बंद ठेवून रिकाम्या रस्त्यावर गाडी एकदा चालवली तर.

दसऱ्याला हीच मंडळी गाडी चकाचक धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. पूजेला विरोध नाही. पण वर्षातून ज्या एका दिवशी गाडीकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं, त्या दिवशी बॉनेट बंद का? तेव्हा पाऊस नुकताच ओसरलेला असतो. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवायची, थंड इंजिनात कूलंटची पातळी बघायची (आणि नळाचं पाणी ओतायचा मोह टाळायचा, त्याने रेडिएटर आतून गंजतो), डिझेल गाडीच्या फिल्टरमधलं साचलेलं पाणी सोडायचं. हार त्यानंतर घालावा.

राहता राहिला गणपती. राज्य सरकार कोकणात जाणाऱ्या गाड्यांना दरवर्षी टोलमाफीचे पास देतं, आणि ते आरटीओत, वाहतूक पोलिसांकडे, पोलीस ठाण्यांत मिळतात. त्या वेळी गाडीचे टायर कुणी बघत नाही. पास देणाऱ्याने खिडकीतून बाहेर येऊन चार टायर आणि एक स्टेपनी यांच्यावर नजर टाकायला पाच मिनिटं लागतील. महामार्गावर सणाच्या दिवसांत पोलिसांची सुविधा केंद्रं असतात, तिथे हवेचा पंप आणि गेज ठेवला तर मुंबईहून पाच-सहा माणसं आणि टपावर सामान घेऊन आलेल्या गाड्यांना तरी उपयोग होईल. भरल्या गाडीला किती हवा लागते ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच छापलेलं असतं. एमएच ०६ नंबर देणारं कार्यालय पेणमध्येच आहे. त्यांनी हे एकदा जूनअखेर हमरापूर फाट्यावर करून बघावं, टेम्पो माल भरून निघण्याच्या आधी. चलन फाडायला नव्हे, नुसतं बघायला. गुळगुळीत टायर किती निघतात ते त्यांनाही कळेल आणि कारखानदारांनाही, आणि टायर बदलायला तेव्हा हाताशी महिना-दीड महिना असेल.