कळलावीची अर्धीच गोष्ट

ग्रुपमध्ये भांडणं लावून देणाऱ्याला आपण ‘कळलाव्या’ म्हणतो. त्याच नावाची एक रानवेलही आहे, कळलावी. पावसाळी ट्रेकला गेलेल्या कुणा ना कुणाच्या स्टोरीत ती दिसतेच.

तिला ओळखायला ॲपसुद्धा लागत नाही. नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या, सगळ्या वर वळलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाकडे लालभडक. पेटलेली ज्योतच जणू, म्हणून ‘अग्निशिखा’. पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या झुडपाला धरून वेल वर चढते. कोकणात याच फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. तमिळनाडूचं तर हे राज्यफूल.

इथवरची माहिती रीलमध्ये मस्त बसते. पुढे कॅप्शन येते, ‘आजीबाईच्या बटव्यातली औषधी वनस्पती’. बस्स, गोष्ट तिथेच संपते. माझा आक्षेप आहे तो इथे.

बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी हिच्या कंदाचा लेप बाहेरून लावत. नावातली ‘कळ’ तिथलीच. पण हा कंद जहाल विषारी असतो. त्यात कोल्चिसीन असतं. गाऊटवरच्या औषधात ते अगदी मोजून वापरतात, प्रमाण चुकलं तर जीव जाऊ शकतो. आयुर्वेदानेही हिला ‘लांगली’ या नावाने उपविषांत टाकलंय आणि शुद्धी केल्याशिवाय वापरू नये असं बजावलंय. म्हणजे जुन्या लोकांनी उपयोग आणि धोका दोन्ही सांगितलं होतं. आपण मात्र उपयोग तेवढा फॉरवर्ड करतो. ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणणाऱ्यांना कळलावी हे एकच उत्तर पुरेसं आहे.

धोका फक्त आपल्यालाच आहे असंही नाही. पावसाळा सरला की वेल वाळून जाते, पण नांगराच्या आकाराचा कंद जमिनीखाली जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात त्यालाच कोंब फुटतो. औषधासाठी म्हणा किंवा बाल्कनीतल्या कुंडीसाठी, तो उपटला की त्या जागेवरची वेल कायमची संपली.

त्यामुळे यंदा कळलावी दिसली तर फोटो जरूर काढा, पानाचं ते वळलेलं टोकही बघा. कंदाला हात लावू नका. आणि स्टोरी टाकणारच असाल, तर कॅप्शनमध्ये ‘औषधी’च्या शेजारी ‘विषारी’ हा शब्दही लिहा. तेवढी जागा असते तिथे!