युनियनच्या अभ्यासात जात कुठे असते?

आमच्या तळा तालुक्यातली मुलं आज रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातात. त्यांचे आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत गेले. युनियनबद्दल विचारलं की म्हातारे सांगतात, "वर्गणी भरायचो." पोरं म्हणतात, "आम्हाला कोण विचारतंय?" कामगार संघटनांचे बहुतेक अभ्यास सभासद आणि पगारवाढ मोजतात. ही दोन उत्तरं त्यांत सापडत नाहीत.

सामाजिक चळवळींचा सिद्धांत इथे कामाला येतो. तो तीन प्रश्न विचारतो: माणसं एकत्र का येतात? साधनं कुठून उभी करतात? अन्यायाची मांडणी कोणत्या शब्दांत करतात?

हे प्रश्न मुंबईला लावून बघू. गिरण्यांत जास्त मजुरीचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ होई! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, सर्व खात्यांत कामाचा हक्क मागण्यांत घ्या, नाहीतर आमची माणसं संपात येणार नाहीत. तेव्हा कुठे ती मागणी आली, तीही नाखुशीने.

दहा वर्षांनी चित्र बदललं. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला होता, म्हणजे साधनं आपली होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, म्हणजे मांडणीही आपली होती. त्याच बळावर ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात आपण कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरलो.

"जात काढली की कामगारांत फूट पडते," असं आम्हाला ऐकवलं जातं. मित्रांनो, फूट विणकाम खात्याच्या दारातच पडलेली होती. बाबासाहेबांनी ती फक्त दाखवली. एकजूट झाली ती फूट मान्य केल्यावर.

पण सिद्धांतही डोळे झाकून घेऊ नये. मॅकार्थी आणि झाल्ड यांनी १९७७ मध्ये साधनांवर भर दिला आणि गाऱ्हाण्याला दुय्यम स्थान दिलं. गाऱ्हाणी तर सगळीकडेच असतात, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे मात्र अपमान हेच गाऱ्हाणं असतं आणि साधनं कोणाच्या हाती, हेही जातच ठरवते.

म्हणून एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या भावाबहिणींनो, आपल्या जवळच्या कारखान्यापासून सुरुवात करा. कायम कोण, कंत्राटी कोण? गटारात कोण उतरतं? युनियनच्या कार्यकारिणीत कोण बसतं? ही यादी आपण केली नाही, तर पुढच्या पिढीचं उत्तरही "आम्हाला कोण विचारतंय?" हेच असेल.

जय भीम!