इशारा येतो, इन्सुलिन येत नाही



मधुमेहाच्या रोग्यासाठी दंडाला चिकटवायची एक चकती निघाली आहे. तिची केसाएवढी तार कातडीखाली राहते, दर काही मिनिटांनी साखर मोजते आणि आकडा मोबाईलवर धाडते. साखर ७० च्या खाली घसरली की फोन वाजतो. शहरातल्या डॉक्टरलाही तो आकडा दिसतो. यंत्र चांगले आहे. शेतीची वीज रात्रीची. इन्सुलिन घेणारा गडी अंधारात हरभऱ्याला पाणी देताना भोवळ येऊन पडला तर पाहणारा कोण? फोन वेळेत वाजला तर तीन चमचे साखरेने जीव वाचतो.

पण मी शेतकी शिकलेला माणूस. इशाऱ्यांचा कारभार मला पुरता ठाऊक आहे. २००८ साली विदर्भात अळ्यांनी सोयाबीन फस्त केले. मग २००९ पासून क्रॉपसॅप आले. कीड मोजा, मोबाईलवर सल्ला द्या. कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री ८ पतंग म्हणजे फवारणीची वेळ, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तरी २०१७ ला बोंडअळीने कपाशी खाल्लीच. पतंग मोजून अळी मरत नाही. डोमकळ्या वेचायला मजूर लागतो, योग्य औषध लागते, हंगामात हाती पैसा लागतो.

इथेही तेच. चकती दोन आठवड्यांत संपते, नवीला काही हजार रुपये. देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, असे २०२३ च्या पाहणीने सांगितले. ही चकती त्यांतल्या कोणासाठी? मेळघाटात कितीतरी गावांत रेंजच नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर! वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसते कपाट. ओल्या वाळूतले मडके त्यापेक्षा बरे, चालू बाटलीपुरते तरी.

आणि रात्री दोनला वाजलेला फोन उचलायचा कोणी? आशाताईने? तिला पगार नाही, मोबदला आहे. त्यात आणखी एक काम फुकटात गळ्यात घालू नका.

या बैठकीत ठराव मांडतो. उपकेंद्रात साखर मोजायच्या पट्ट्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिन बारमाही राहील, इशारा आल्यावर गाडी कोण पाठवणार, हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने लेखी द्यावे. चकतीचे प्रात्यक्षिक त्यानंतर पाहू.