घरातील वृद्ध कुत्रा आणि नवे बाळ

जबलपूर शहरात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा घरातील सून पुष्कळदा बाळंतपणासाठी माहेरी जाते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन परतते. या आगमनाची वार्ता घरातील सर्वांना असते. नसते ती केवळ घरच्या जुन्या कुत्र्याला. त्याच्या दृष्टीने अनोळखी वासाचा आणि अनोळखी आवाजाचा एक जीव एकाएकी घरात येतो व त्याच दिवसापासून त्याची स्वतःची रवानगी अंगणात होते. पुढे तो गुरगुरला, की त्याला बाळाचा मत्सर वाटतो, असा निवाडा दिला जातो. हा निवाडा उतावळेपणाचा आहे.

दोन गोष्टी वारंवार एकामागून एक घडल्या, की कुत्रा त्यांचा संबंध जोडतो, हे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी आपल्या प्रसिद्ध प्रयोगांनी दाखवून दिले. बाळ रडले की आपल्याला दटावतात, हा अनुभव रोज आला, तर बाळ म्हणजे संकट असेच तो शिकणार. उलट, बाळ जवळ असताना मायेचा हात आणि आवडीचा घास मिळाला, तर तो निराळे शिकेल. शिक्षण दोन्हीकडे घडतेच. कोणते घडवावयाचे, हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती असते.

म्हणून तयारी आधीपासूनच करावी. कुत्र्याची जागा किंवा फिरावयास नेण्याची वेळ बदलावयाची असेल, तर ती बाळ येण्यापूर्वी बदलावी. बाळाचे वापरलेले दुपटे आधी घरी आणून त्याला दुरून हुंगू द्यावे. पहिल्या भेटीच्या वेळी त्याला साखळी असावी, एका मोठ्या माणसाने त्याला सांभाळावे आणि दुसऱ्याने बाळाला घ्यावे. भेट थोडकीच असावी.

वृद्ध कुत्र्याची दृष्टी व श्रवणशक्ती मंदावलेली असते. सांधेही दुखत असतात. रांगणाऱ्या मुलाने त्याला अवचित धरले, तर वेदनेने तो चावू शकतो. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना होय. तिच्याबद्दल त्याला मारले, तर तो कदाचित सूचना देण्याचे सोडील, परंतु चावण्याचे सोडीलच असे नाही. अशा वेळी मुलाला दूर घ्यावे आणि कुत्र्याला निवांत कोपरा द्यावा.

रेबीजची लस व जंतांचे औषध यांबाबत पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. जबलपुरात तर १९४८ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कुत्रा चावल्यास किंवा त्याच्या नखांनी ओरखडा उठल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ डॉक्टर गाठावा. हळद किंवा तिखट भरणे हा उपचार नव्हे.

‘आपला कुत्रा गुणी आहे’ म्हणून दोघांना एकटे सोडणारा आणि बाळ आले म्हणून म्हाताऱ्या जनावराला रस्त्यावर सोडणारा, दोघेही चुकतात. पहिला बाळाच्या जिवाशी खेळतो. दुसरा अनेक वर्षांच्या इमानाला विसरतो. कुत्रा कितीही शांत असला, तरी लहान मूल त्याच्याजवळ असताना जाणत्या माणसाची नजर तेथे असलीच पाहिजे. ही नजर हेच बाळाचे खरे संरक्षण आणि म्हाताऱ्या कुत्र्याचाही खरा आधार होय.