कोंकणांत उतरल्यावर जेवायचें कोठें?

मे महिना जवळ येऊं लागला कीं ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. फेब्रुवारीपर्यंत ज्या भगिनी मुलांच्या परीक्षांविषयीं आणि साठवणीच्या तिखट-मसाल्याविषयीं लिहीत असतात, त्याच आतां विचारूं लागतात : "आम्ही बारा-पंधरा माणसें कोंकणांत जाणार आहों, बरोबर वृद्ध सासूबाई आहेत, लहान मुलें आहेत, राहण्याची सोय झाली, पण जेवायचें कोठें?" प्रश्न साधा दिसतो. परंतु भुकेलीं माणसें बरोबर घेऊन भर दुपारीं तीन वाजतां एखाद्या सुनसान किनाऱ्यावर उभें राहण्याचा प्रसंग जिच्यावर आला आहे, तिला तो साधा वाटणार नाहीं. माझ्यावर तो आला आहे, आणि त्याहून वाईटहि एक प्रसंग आला आहे. तो पुढें सांगतें.

घाटावरच्या माणसाची अशी समजूत असते कीं, गांव आलें म्हणजे पेठ आली आणि पेठ आली म्हणजे खानावळ आली. कोंकणांत गांव असें एके ठिकाणीं सांपडतच नाहीं. चार वाड्या इकडे, दोन वाड्या ओढ्यापलीकडे, प्रत्येक घर आपल्या आगरांत नारळी-पोफळींच्या आड. बाजारपेठ म्हणजे पांच-सहा दुकानें, तींहि दुपारीं बंद. मुंबई-गोवा महामार्ग, जो पूर्वीं 17 क्रमांकाचा होता व आतां 66 क्रमांकाचा आहे, तो महाड, खेड, चिपळूण असा समुद्रापासून बराच आंतून जातो. भोजनगृहें सारीं त्याच्या कडेला. समुद्र पाहावयाचा तर खेडाहून दापोली सुमारें 28 किलोमीटर, चिपळुणाहून गुहागर सुमारें 45, आणि तेंहि वळणावळणांचें. 1998 सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली, तिचीहि तीच तऱ्हा. रत्नागिरीचें स्टेशनसुद्धां गांवापासून दूरच. म्हणजे एकदां खालीं उतरलें कीं हॉटेलांची मालिका तुटली असें समजावें. बोटीच्या काळीं लोकांना हें पक्कें ठाऊक होतें. आमच्या आजेसासूबाई सांगत कीं, माहेरीं निघतांना दुधांत भिजविलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी ह्यांवांचून बंदरावर पाऊल टाकावयाचें नाहीं, असा घरचा दंडकच होता.

आतां दशम्या न्याव्या लागत नाहींत, कारण एक फार चांगली सोय झाली आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, केळशी, आंजर्लें, मुरुड, गुहागर, तसेंच गणपतिपुळ्याच्या आसपास पुष्कळ घरांवर 'घरगुती जेवणाची सोय' अशी पाटी दिसते. ही खानावळ नव्हे. हें घरच आहे. पडवींत किंवा ओटीवर चार मेजें मांडलेलीं, मागें विहीर, आंत घरची बाई आणि शेजारची एखादी मदतनीस. येथें जें मिळतें, तें मुंबई-पुण्याच्या कोणत्याहि झकपक भोजनगृहांत मिळावयाचें नाहीं. फाल्गुन-चैत्रांत गेलांत तर ओल्या काजूगरांची उसळ. वैशाखांत कच्च्या फणसाची भाजी, पिकल्या आंब्यांचें रायतें. कधीं डाळिंब्यांची उसळ, आळूचें फदफदें, केळफुलाची भाजी. कुळथाचें पिठलें आणि तांदळाची भाकरी हें रात्रींचें जेवण मला विचाराल तर सर्वांत उत्तम. शेवटीं सोलकढी. सकाळीं न्याहारीला मऊ भात, मेतकूट आणि तूप, नाहीं तर घावन किंवा आंबोळ्या. पावसाळ्यांत कोणी जात नाहीं. पण जे जातात त्यांना टाकळ्याची आणि भारंगीची भाजी मिळते, आणि श्रावणांत गेल्यास हळदीच्या पानांत उकडलेले पातोळे. माझ्या मतें तो खरा ऋतु. पण मुलांच्या शाळेपुढें कोणाचें चालतें?

ह्या घरांची एकच अट असते, आणि तिच्याकडेच आपलें दुर्लक्ष होतें. जेवण आधीं सांगावें लागतें. हॉटेलांत भात शिजलेला असतो आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो. येथें तुम्ही सांगितल्यावर नारळ फुटतो. दुपारचें जेवण आदल्या रात्रीं, निदान सकाळीं आठाच्या आंत सांगावें. माणसें किती, त्यांत मुलें किती, कोणाचा उपास आहे काय, कांदा-लसूण चालतो कीं नाहीं, हें सारें त्याच वेळीं सांगावें आणि दरहि तेव्हांच विचारून घ्यावा. पानावर बसल्यावर दराची घासाघीस करणें शोभत नाहीं. उकडीचे मोदक पाहिजे असतील तर आदल्या दिवशींच. पिठी घरांत असली तरी नारळ खोवणें, चून शिजविणें, उकड काढून ती गरम असतांनाच मळणें, पाऱ्या करून कळ्या पाडणें आणि मग मोदकपात्रांत उकडणें; चाळीस मोदकांना दोघी बायकांची निम्मी सकाळ सहज जाते.

चाळीस हा आंकडा मीं उगीच लिहिला नाहीं. 2019 सालच्या मे महिन्यांत आम्ही तेरा माणसें दापोलीकडून गुहागरकडे निघालों होतों. वाटेवरच्या एका गांवीं अशाच एका घरीं दुपारचीं तेरा पानें आणि चाळीस मोदक सांगून ठेविले होते. दाभोळला खाडी ओलांडून धोपाव्यास जाण्यासाठीं मोटारीसकट माणसें नेणारी फेरी बोट आहे. ती सुटली कीं पुढच्या खेपेपर्यंत थांबणें आलें. त्या दिवशीं वाहनांची रांग मोठी होती, आमच्या दोन खेपा हुकल्या. मुलें रडकुंडीस आलीं, धाकट्या जाऊबाईंचें डोकें दुखूं लागलें, आणि समोरच्या टपरीवर वडे तळले जात होते. सर्वांनीं पोटभर वडे खाल्ले. पलीकडे उतरेपर्यंत अडीच वाजून गेले; आतां कोणाला भूक नाहीं, तेव्हां सरळ मुक्कामीं जावें असें ठरलें. फोन करावयाचा राहून गेला. आमच्याकडच्या मंडळींना वाटलें भावोजींनीं केला, भावोजींना वाटलें मीं केला. मला काय वाटलें होतें तें खरें सांगतें : मला आठवण झाली होती, पण फोन लागत नव्हता, आणि लागूं लागला तेव्हां बोलण्याची लाज वाटली.

रात्रीं हें सासूबाईंना कळलें. त्या रागावल्या नाहींत. "तेरा पानें वाढून बाई बसली असेल," एवढेंच म्हणाल्या आणि जेवल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं मला बरोबर घेतलें आणि आम्ही दोघी मोटार करून त्या गांवीं गेलों.

ती बाई अंगणांत आंबापोळीचीं ताटें उन्हाला लावीत होती. आम्ही कोण तें सांगितल्यावर ती क्षणभर कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "या, पाय धुऊन घ्या." तिनें आंतून पाणी आणि गूळ आणून दिला. साडेतीनपर्यंत वाट पाहिली, असें तिनें सांगितलें. पाहुणे यावयाचे म्हणून घरचे पुरुषहि तोंवर जेवले नव्हते. मोदक वाडींत वाटले, भात गुरांना घातला. सासूबाईंनीं तेरा पानांचे आणि मोदकांचे पैसे पुढें केले, तेव्हां ती घेईना. "तुम्ही जेवला नाहीं, तर जेवणाचे पैसे कसे घेऊं?" पुष्कळ आग्रह झाल्यावर तिनें बोटांवर हिशेब केला : नारळ घरचे; गूळ, तूप आणि गॅस विकतचा; आणि मोदक वळावयाला येते तिची मजुरी. "ती मीं कालच दिली, वहिनी. तिचें काय चुकलें?" तेवढेच पैसे तिनें घेतले. मुलगा रत्नागिरीस शिकतो आणि मेचा हा एक महिनाच काय तो कमाईचा, हें बोलण्याच्या ओघांत कळलें. तिनें तें आम्हांला ऐकविण्यासाठीं सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं आम्ही दोघी तेथेंच जेवलों. बाजूच्या मेजावर पुण्याचीं कोणीं मंडळी बसली होती आणि सोलकढी उशिरां आली म्हणून कुरकुरत होती.

राजापूर ओलांडून खालीं मालवण, वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या भगिनींसाठीं दोन शब्द निराळे. तिकडे खानावळींना तोटा नाहीं, पण पाटीवर मासे असतात, आणि तो त्या मुलखाचा रोजचा घांस आहे. तेव्हां तेथें जाऊन नाक मुरडूं नये. शाकाहारी म्हणून आधीं सांगितलें तर काळ्या वाटाण्याचें सांबारें आणि गरम वडे मिळतात. तें एकदां खाऊन पाहा, मग तक्रार करा. ज्यांना एका स्वयंपाकघरांतलें चालत नाहीं, त्यांनीं आधीं तसें स्पष्ट विचारावें. उत्तर सरळ मिळतें. सासूबाई तिकडे शहाळें, केळीं आणि बरोबरचे लाह्या-पोहे ह्यांवर दोन दिवस आनंदानें काढतात आणि बाकीच्यांना जेवूं देतात.

एक डबा मात्र प्रत्येकीनें जवळ ठेवावा : भाजलेले पोहे, गुळाचा खडा, मुलांसाठीं दशम्याच म्हणा ना. बोट उशिरां आली, रस्ता खणलेला असला, तर तासभर निभावतें आणि टपरीवर पोट भरून घेण्याचा मोह होत नाहीं. शिवाय उशीर होणार असें वाटलें तर जेथें फोन लागेल तेथेंच मोटार थांबवून सांगून टाकावें. यंदा आम्ही अकराच जण आहों. पानें सांगण्याचें काम सासूबाईंनीं माझ्याकडून काढून घेऊन स्वतःकडे ठेविलें आहे.