कोट उलटा करून पाहा!

दिवाळी म्हणजे नव्या कपड्यांचे दिवस. आमच्या घरी नवा कपडा अंगात घालण्यापूर्वी आई त्याला कुंकवाचे बोट लावीत असे, आणि वडील तो एकदा उलटा करून पाहात. ते धंद्याने शिंपी. "शिंप्याचे खरेखोटे आतल्या बाजूला असते," असे ते म्हणत. पुढे मी मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. पण ती खोड काही सुटली नाही. याच खोडीपायी गेल्या दिवाळीत एका घरी फराळाच्या ताटावर माझे भांडण झाले. ते आज चव्हाट्यावर मांडतो. कारण भांडण एका कोटावरून झाले असले, तरी प्रश्न एका कोटाचा नव्हे.

यजमान माझा जुना विद्यार्थी. युरोपात काही वर्षे नोकरी करून परतलेला. दिवाणखान्यात त्याने काचेचे कपाट केले आहे आणि त्यात दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकाचा कोट, टोपी आणि कमरपट्टा मांडला आहे. देवघरातल्या देवांना नाही एवढा उजेड त्या कोटावर! पाहुणे त्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत होते. यजमानाच्या सात वर्षांच्या मुलाने ती टोपी डोक्यावर चढविली, टाचा जुळविल्या, हात ताठ पुढे केला, आणि सारे हसले. "सर, कापड बघा, शिलाई बघा! असा गणवेश जगात दुसऱ्या कोणी शिवला नाही," विद्यार्थी म्हणाला.

मी कोट मागून घेतला आणि उलटा केला.

कोट १९४३ च्या सुमाराचा. १९३६ च्या नमुन्याला गडद हिरवी कॉलर होती आणि चुणीचे चार ऐटदार खिसे होते. १९४० पासून कॉलर कोटाच्याच करड्या रंगाची झाली. मग खिशांच्या चुण्या गेल्या, लोकरीत रेयॉन आणि जुन्या चिंध्या पिंजून काढलेली लोकर मिसळू लागली, आणि १९४४ मध्ये तर कोटच आखूड झाला! ज्या कापडाची आरती चालली होती, ते हे कापड. शिंप्याच्या पोराने ते बोटांत धरून पाहिले. ते हलके होते. अस्तरावर मापांचे आकडे आणि एक शिक्का होता. पूर्वी तेथे कारखान्याचे नाव असे. युद्धाच्या उत्तरार्धात नावाच्या जागी नुसता सांकेतिक क्रमांक आला. म्हणजे कोट कोणी शिवला, हे अस्तरही सांगेना.

मग हे कोट शिवले कोणी? सगळे एका ठिकाणी शिवले गेले नाहीत. पण एक ठिकाण सांगतो. पोलंडमधील वूच शहर. १९४० च्या एप्रिलअखेर जर्मनांनी तेथील एक लाख साठ हजारांवर ज्यूंना एका वस्तीत कोंडून बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तोडला. वस्तीचा प्रमुख म्हणून नेमलेल्या रुमकोव्हस्कीला वाटे, आपण त्यांच्या उपयोगी पडलो तर जगू. कारखाने उभे राहिले. उपाशी शिंपी जर्मन सैन्याचे गणवेश शिवू लागले. चाळीस हजारांहून अधिक माणसे तेथेच भुकेने आणि रोगाने मेली. १९४२ च्या सप्टेंबरात हुकूम आला की, जी माणसे कामाची नाहीत, ती द्या. दहा वर्षांखालील मुले, म्हातारे आणि आजारी मिळून पंधरा हजारांवर जीव खेल्म्नोला नेले आणि विषारी वायूने मारले. १९४४ च्या ऑगस्टात उरलेल्यांची रवानगी आउशविट्झला झाली. एवढे कोट शिवूनही!

दहा वर्षांखालील मुले, वाचकहो. टोपी घालून हात पुढे करणारे ते पोर सात वर्षांचे होते.

संग्राहकांत एक दंतकथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, की एस. एस. चा काळा गणवेश ह्यूगो बॉसने रेखाटला. खोटे आहे. तो कार्ल डीबिच आणि वाल्टर हेक यांनी रेखाटला. बॉस हा गणवेश शिवून देणारा कारखानदार. पण त्याच्या कारखान्यात सुमारे एकशे चाळीस वेठीचे कामगार, त्यांत बहुतेक स्त्रिया, आणि चाळीस फ्रेंच युद्धकैदी राबत होते, हे खरे आहे. २०११ मध्ये त्या कंपनीने स्वतःच संशोधन करवून माफी मागितली. दंतकथा पाठ, आणि वेठबिगारी माहीत नाही! याला इतिहासाची आवड म्हणावयाचे?

"पण सर, हा साधा सैनिक; नाझी नव्हे," हे दुसरे पालुपद. १९३४ पासून त्या सैन्याच्या उजव्या छातीवर स्वस्तिक धरलेला गरुड आहे. त्याच सैन्याच्या ताब्यातील सत्तावन्न लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी तीस लाखांहून अधिक मेले. १९९५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने या सैन्याच्या गुन्ह्यांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा जर्मनीतच रणे माजली. कारण तेथेही प्रत्येकाचा आजोबा 'साधा सैनिक' होता. आणि बाजाराचा न्याय पाहा: साध्या सैनिकाच्या कोटाहून एस. एस. चा कोट महाग. जेवढा गुन्हा मोठा, तेवढी किंमत चढी!

"सुभाषबाबूंच्या माणसांनीही हाच कोट घातला होता ना?" घातला होता. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून ती पलटण उभी राहिली. बाहीवर तिरंगी ढाल आणि झेपावणारा वाघ होता. १९४४ मध्ये ती एस. एस. च्या हाताखाली गेली. हेही सांगा, सगळे सांगा. पण मग माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांचेही नाव सांगा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, मराठा पलटणीच्या या बावीस वर्षांच्या नायकाने, बरोबरचे सारे पडल्यावर, एकट्याने जर्मन मशीनगनवर झेप घेतली. काडतुसे बदलण्यास वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तो लढला आणि शत्रूच्या गोळ्यांनी तेथेच पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगे मात्र मिळाले नाही. ज्यांनी त्याला मारले, त्यांच्या अंगात हाच करडा कोट होता.

तो कोट जाळावा, असे मी म्हणत नाही. जाळला तर पुरावा जाईल, आणि पुरावा जावा असे ज्यांना वाटते त्यांना फावेल. जर्मनीत स्वस्तिकाचे जाहीर प्रदर्शन हा गुन्हा आहे, पण शिक्षण आणि संशोधन यांना मोकळीक आहे. त्या कायद्यातला विवेक आपण घरात पाळावा, एवढेच मागणे. कोट ठेवा, पण शेजारी एक कागद लावा: कोणी घातला, कोणी शिवला, कोणाचे काय झाले. पोराला टोपी घालू देऊ नका. त्याला कोट उलटा करून दाखवा. एवढे होत नसेल, तर तो संग्रहालयास देऊन टाका. एवढेही नको असेल, तर इतिहासाचे नाव तरी घेऊ नका. शोभेची वस्तू म्हणा.

त्या दिवशी विद्यार्थी रागावला. मीही चकली अर्धी टाकून उठलो. यंदा पुन्हा फराळाचे बोलावणे आले आहे. मी जाणार आहे. कपाटात कागद लागलेला दिसला, तर गेल्या वर्षीची अर्धी चकलीही वसूल करीन. नाही दिसला, तर कागद मी लिहून खिशात ठेवलाच आहे.