याप्य रोगी आणि खाजगी विमा : स्पेनमधील ब्रिटिश रहिवाशांच्या निमित्ताने

रोगाची साध्यासाध्यता सांगताना आपल्या शास्त्रकारांनी ‘याप्य’ हा जो वर्ग केला आहे, त्याचे मोल व्यवसायात पडल्याशिवाय उमगत नाही. सुखसाध्य रोगी बरा होऊन निघून जातो. असाध्य रोग्याच्या बाबतीत वैद्याने कसे वागावे, हेही सांगून ठेवलेले आहे. याप्य रोगी मात्र वर्षानुवर्षे आपल्या दारी येत राहतो. औषध चालू असेतो त्याचे बरे चालते. आधार काढला की पडझड सुरू. पडू घातलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा सुश्रुताचार्यांनी यास दिली आहे. प्रमेह, आमवात, तमकश्वास यांनी पीडित असलेली जी मंडळी आपल्या चिकित्सालयात महिन्याच्या महिन्याला दिसतात, ती सारी या वर्गातली.

एखाद्या देशाची आरोग्यव्यवस्था पारखावयाची झाल्यास ती याप्य रोग्याशी कशी वागते हे पाहावे, असे माझे मत आहे. स्पेनमध्ये जाऊन राहिलेल्या ब्रिटिश लोकांचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. माझ्याकडे दर हिवाळ्यात येणारे एक दांपत्य त्यांपैकीच, म्हणून या विषयात थोडे खोलवर शिरण्याचा योग आला.

भूमध्य समुद्राच्या काठी, अलिकांते आणि मालागा या प्रांतांत, ब्रिटनमधून आलेल्यांच्या वसाहतीच्या वसाहती आहेत. स्पेनमध्ये रहिवासी म्हणून नोंदलेल्या ब्रिटिश नागरिकांची संख्या अडीच लाखांच्या वर भरते. ऊन, स्वस्ताई आणि समुद्र या तीन गोष्टींसाठी ही माणसे तेथे जातात. ज्या देशातून ती येतात, तेथे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा अस्तित्वात आहे. डॉक्टरला पैसे द्यावे लागतात ही कल्पनाच त्यांच्या अंगवळणी पडलेली नाही. ज्या देशात ती जातात, तेथेही १९८६ च्या कायद्याने सार्वजनिक आरोग्यसेवा उभी केलेली आहे. तिचा कारभार सतरा स्वायत्त प्रदेशांकडे विभागलेला आहे. मग यांना खाजगी विम्याची गरज का पडावी?

याचे उत्तर वयात आहे. ब्रिटनचे राज्य निवृत्तिवेतन ज्यांना सुरू झाले आहे, त्यांना ‘एस-१’ नावाचे पत्र मिळते. ते स्पेनच्या यंत्रणेत नोंदविले की तेथील सरकारी दवाखाना व रुग्णालय त्यांना खुले होते आणि खर्च ब्रिटन सोसतो. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतरही ही सोय टिकून राहिली. स्पेनमध्ये नोकरी वा धंदा करून सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरणाऱ्यांचाही प्रश्न मिटतो. राहतात ते मधले – पंचावन्न-साठीतच कामातून मोकळे होऊन, ब्रिटनमधील घर विकून आलेले. निवृत्तिवेतनाचे वय ६६ वरून ६७ कडे सरकत आहे, म्हणजे यांच्यासमोर पाच-दहा वर्षांची पोकळी. ३१ डिसेंबर २०२० नंतर येणाऱ्यांना तर काम न करता राहण्याचा परवानाच हवा असेल, तर स्पेनमध्ये व्यवसायाची परवानगी असलेल्या कंपनीचा, पूर्ण संरक्षणाचा विमा दाखवावा लागतो. मायदेशी परतून उपचार घ्यावेत म्हटले, तर ब्रिटनची मोफत सेवा तेथे राहणाऱ्यांसाठी आहे, नागरिकत्वाच्या जोरावर मिळणारी नाही. कायमचे परत गेल्यास ती लगेच मिळते. केवळ शस्त्रक्रियेपुरते जाऊन हक्काने मागता येत नाही.

खाजगी रुग्णालयात यांना नेमके काय मिळते? वेळ आणि भाषा. सरकारी यंत्रणेत अस्थिरोगतज्ज्ञाची भेट मिळावयास महिनोन्महिने लागू शकतात. खाजगीत ती बहुधा आठवड्यात मिळते. खुद्द स्पॅनिश लोकांपैकीही सुमारे एक चतुर्थांश लोक याच कारणाने खाजगी विमा बाळगतात. ब्रिटिश माणसाला त्याहून हवी असते ती भाषा. किनाऱ्यावरच्या मोठ्या खाजगी रुग्णालयांत दुभाषे पगारी नेमलेले असतात. सरकारी रुग्णालयांत काही ठिकाणी स्वयंसेवक दुभाषे भेटतात, पण रात्री दोन वाजता नव्हे.

या भाषेच्या गोष्टीस आपण वैद्यांनी हसू नये. प्रश्नपरीक्षा हा आपल्या निदानाचा पाया आहे. आपल्याकडची म्हातारी सांगते – गुडघा ठणकतो, पाठीत चमक भरते, छातीत जळजळते, टाचेत काहीतरी सलते. या एकेका शब्दावर दोषांचा अंशांश ठरतो. सत्तरीच्या ब्रिटिश गृहस्थाने बाजारहाटापुरते स्पॅनिश शिकून घेतले तरी ‘सलते’ आणि ‘ठणकते’ यांतला फरक त्याने परक्या भाषेत कसा सांगावा? तेव्हा खाजगी सेवेची जी वाखाणणी ही मंडळी करतात ती खोटी नाही. मात्र ती वैद्यकाची वाखाणणी नसून ऐकून घेतले गेल्याची आहे.

आता कराराची दुसरी बाजू. विमा देण्यापूर्वी कंपनी आरोग्याची प्रश्नावली भरून घेते. तीत आढळलेले जुने विकार बहुधा संरक्षणातून वगळले जातात, किंवा प्रस्तावच नाकारला जातो. साध्या पॉलिसीत शस्त्रक्रियेसाठी सामान्यतः सहा महिने आणि प्रसूतीसाठी आठ ते दहा महिने थांबावे लागते. हप्ता वयानुसार चढत जातो, आणि पासष्टी-सत्तरीनंतर अनेक कंपन्या नवा ग्राहक घेत नाहीत. करार वर्षाचा असतो. १९८० च्या विमा करार कायद्यानुसार दोन महिने आधी लेखी कळवून कंपनी त्याचे नूतनीकरण नाकारू शकते. काही कंपन्या ठराविक वर्षांनंतर हा हक्क आपणहून सोडतात. विमा घेताना हे कलम शोधून वाचावयास हवे, पण तेथे तरी कोण वाचतो? रुग्णालयाबाहेर घ्यावयाची रोजची औषधे तर बहुतेक पॉलिसींत नसतातच.

थोडक्यात, साध्य रोग्याला हा विमा दोन्ही हातांनी कवेत घेतो आणि याप्य रोग्यापुढे दार लावतो. हा कोणा एका कंपनीचा दुष्टपणा नव्हे. जो खर्च येणार हे आधीच ठाऊक आहे, त्याचा विमा उतरविण्यात धंदा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर उल्लेखिलेले गृहस्थ मूळचे सांगलीकडचे. ब्रिटनमध्ये तीस वर्षे अभियंता म्हणून काम करून २०१९ साली, साठी गाठण्यापूर्वीच, अलिकांतेच्या दक्षिणेस एका गावी जाऊन राहिले. प्रमेह अकरा वर्षांचा, त्याच्या जोडीला रक्तदाब. जाण्यापूर्वी ते माझ्याकडे आले आणि संकोचाने म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही माझे सगळे जाणता. ‘विशेष जुना आजार नाही’ असे दोन ओळींचे पत्र द्याल का? आयुर्वेदाचे पत्र आहे, तिकडे कोण तपासतो?” शेवटचे वाक्य मला झोंबले, हे मान्य करतो. आपल्या पत्राला वजन नाही, म्हणून त्यात काहीही लिहिता येते, हा त्यातला ध्वनी होता. मी पत्र दिले ते खरे दिले : निदान, कालावधी, चालू औषधे, रक्तशर्करेच्या नोंदी. दोन कंपन्यांनी त्यांना नकार कळविला. तिसरीने प्रमेह व त्यापासून उद्भवणारे सर्व उपद्रव वगळून विमा दिला. ‘त्यापासून उद्भवणारे सर्व’ या शब्दांत डोळे, वृक्क, पाय, हृदय, सारेच येते हे आपल्याला सांगावयास नको. पत्नीला मात्र विनासायास पूर्ण संरक्षण मिळाले.

खोटे पत्र दिले असते तर काय झाले असते? त्याच १९८० च्या कायद्याचे दहावे कलम सांगते की, प्रश्नावलीत हेतुपुरस्सर वा घोर हलगर्जीपणाने चुकीची माहिती दिल्याचे उघड झाल्यास कंपनी पैसे देण्यास बांधील राहत नाही. हप्ते भरीत राहावयाचे आणि ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी रिकाम्या हाताने उभे राहावयाचे, असा तो सौदा. रोग्यावर दया म्हणून असे पत्र देणारे आपल्यात आहेत. ही दया रोग्याला फार महागात पडते.

त्या गृहस्थांची वाट शेवटी सरकारी दारातूनच निघाली. स्पेनमध्ये २०१३ च्या एका शासकीय आदेशाने ‘विशेष करार’ नावाची सोय करण्यात आली. सलग एक वर्ष अधिकृत वास्तव्य झालेला आणि अन्य कोणत्याही मार्गाने हक्क नसलेला माणूस दरमहा ठराविक रक्कम भरून सार्वजनिक सेवेत प्रवेश घेऊ शकतो. पासष्टीच्या आत ६० युरो, पासष्टीपासून १५७ युरो. जुना आजार विचारून नकार नाही, वगळणूक नाही. मात्र या करारात औषधांवरील सवलत नाही. दुकानात पूर्ण किंमत मोजावी लागते. खाजगी विम्याची एवढी जाहिरात होते, पण ही सोय ब्रिटिश मंडळींत पुष्कळांना ठाऊकही नसते. या गृहस्थांनी विमा पत्नीपुरता ठेवला आणि स्वतः या करारात गेले. अलीकडे निवृत्तिवेतन सुरू होऊन त्यांचे एस-१ पत्रही आले आहे.

औषधांचा विषय निघाला आहे, तर औषधविक्रेत्या बंधूंसाठी थोडे विषयांतर. स्पेनमध्ये औषधाचे दुकान केवळ औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरालाच काढता येते, तेही एकालाच एक. १९९७ च्या कायद्याने दोन दुकानांत सर्वसाधारणपणे २५० मीटरचे अंतर आणि दर २८०० वस्तीमागे एक दुकान, असा दंडक घातला. प्रदेशागणिक त्यात थोडाफार फरक आहे. हे वाचून आपल्याकडील विक्रेत्यांना हेवा वाटेल की संताप येईल, सांगता येत नाही! सरकारी डॉक्टरच्या चिठ्ठीवर निवृत्तिवेतनधारकाला सामान्यतः किंमतीच्या दहा टक्के द्यावे लागतात आणि त्यासही महिन्याची मर्यादा आहे : वार्षिक उत्पन्न १८००० युरोंच्या आत असल्यास ८.२३ युरो, त्यापुढे एक लाखापर्यंत १८.५२ युरो. तेच औषध खाजगी डॉक्टरने लिहिले तर पूर्ण किंमत. साहजिकच खाजगी तज्ज्ञाचा सल्ला घेऊन रोगी सरकारी दवाखान्यात येतो आणि ‘एवढे उतरवून द्या’ म्हणतो. तेथील डॉक्टरवर तसे बंधन नाही. तो स्वतः तपासून पटले तरच लिहितो. मला हे योग्य वाटते. दुसऱ्याच्या चिकित्सेवर आपली सही करणे यासारखी धोक्याची गोष्ट नाही.

खाजगी कंपन्यांच्या भरवशावर किती राहावे, याचा धडा स्पेनच्या सरकारलाही नुकताच मिळाला. तेथील केंद्रीय सरकारी कर्मचाऱ्यांना ‘मुफासे’ या संस्थेमार्फत खाजगी विमा कंपनी निवडण्याची मुभा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या कंत्राटासाठी एकाही कंपनीने निविदा भरली नाही. कर्मचारी वयस्क होत चालले, देऊ केलेला दर परवडत नाही, ही तक्रार. सरकारने दर बराच वाढविल्यानंतर २०२५ मध्ये दोन कंपन्या पुढे आल्या. जिथे पाठीशी सरकार उभे आहे तिथे ही गत, तर एकट्यादुकट्या परदेशी वृद्धाची काय कथा!

आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणला, नवा विमा घेण्यास पासष्टीची अट उठविली आणि आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने स्थान देण्यास कंपन्यांना सांगितले. कागदावर आपला याप्य रोगी स्पेनमधल्या खाजगी विमाधारकापेक्षा सुस्थितीत आहे. हप्त्याचा आकडा पाहिल्यावर हे समाधान किती टिकते, हा प्रश्न निराळा.

आपण स्वतः खाजगी व्यवसाय करणारे आहोत. खाजगी सेवेला सरसकट नावे ठेवण्याचा मला ना अधिकार, ना इच्छा. पण परदेशी राहणारा रोगी आपल्याकडून काय घेऊन जातो, याची जबाबदारी आपली आहे. त्याला द्यावयाच्या पत्रात रोगाचे संस्कृत नाव लिहून थांबू नये. त्याचे आधुनिक नाव, प्रारंभाचे वर्ष, तपासण्यांचे आकडे आणि इतर डॉक्टरांची चालू औषधे मूळ घटकाच्या नावाने लिहावीत. कंपनीगणिक आणि देशागणिक बदलणारे बाजारी नाव तेथे कोणाला कळणार? आपण देत असलेली औषधेही त्यात प्रामाणिकपणे नोंदवावीत, विशेषतः रसकल्प. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशाने पारंपरिक औषधांना जी सुलभ नोंदणी दिली आहे, ती वनस्पतिजन्य औषधांपुरती आहे. पारद-लोहादींचे कल्प तीत बसत नाहीत. सहा महिन्यांच्या पुड्या कागदात बांधून रोग्याच्या पिशवीत घालणे म्हणूनच थांबवावे. उद्या वृक्काचा विकार निघाला, तर तेथील डॉक्टरला हा माणूस काय घेत होता याचा थांगपत्ता लागला पाहिजे.

औषधविक्रेत्यांना विनंती एवढीच की, परदेशी जाणाऱ्या रोग्याच्या पावतीवर घटकाचे नाव, मात्रा आणि उत्पादनाचा क्रमांक स्वच्छ अक्षरांत छापून द्यावा. आमच्या गावातील दोन दुकानांनी गेल्या दिवाळीपासून हे सुरू केले आहे, आणि त्यासाठी त्यांना संगणकात फक्त एक रकाना वाढवावा लागला.